शिक्क्याशेजारचं कुंकू

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जुना पासपोर्ट आपल्या वकिलातीत नेऊन रद्द करून घ्यावा लागतो. दोन्हीकडचे नागरिक राहायची आपल्या कायद्यात मुभा नाही. काल मीही त्या खिडकीशी उभा होतो. कारकुनाने पासपोर्ट उघडला आणि त्याचा हात थांबला. पहिल्याच पानावर आईने टेकवलेलं कुंकवाचं बोट होतं. घरात नवी वस्तू आली की ती कुंकू लावतेच. पासपोर्ट तरी कसा सुटणार? त्या डागापायी विमानतळांवर किती खुलासे दिले, आईवर किती चिडलो!

"आईने लावलंय ना?" कारकून हळूच मराठीत म्हणाला. मग शिक्का दोन बोटं बाजूला सरकवून त्याने तो उमटवला. कायदा पाळला गेला आणि कुंकूही राहिलं. नियम शेवटी कुणाच्या तरी हातूनच आपल्यापर्यंत येतो. मला तो भल्या माणसाच्या हातून आला.

घरी येऊन भीतभीतच आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं. मग नव्याला कुंकू लावलंस का?"