सुकवलेली होडी

माझी जीभ तिखट. माहेरी पेणच्या खाडीकाठी आणि सासरी रोह्याजवळ वरशाला, दोन्हीकडे ठाऊक आहे. त्या जिभेनं बरीच माणसं तोडली, त्याचं मला कधी फारसं वाटलं नाही. होडीचं मात्र वाटतं.

दिवाळी सरली आणि बाबा धक्क्यावर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. आई कधीच गेली, भाऊ नाही. ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना वरशाला आमच्या फ्लॅटवर आणलं. नवरा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला गेला की आम्ही दोघंच. जन्मभर खाडीत जाळं टाकलेला माणूस, दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीची भिंत बघायचा. डॉक्टर चाला म्हणायचे, बाबा पाय हलवायचे नाहीत. शेवटी मी ओरडले, तेव्हा म्हणाले, "एकदा माज्या होडीत बसीन गो. मग तू म्हणशील तसं." त्या दिवसापासून काठी धरून चालायला लागले.

मी मनातल्या मनात हसले. होडीची सोय मी आधीच लावून ठेवली होती. बाबा हॉस्पिटलात असताना मी गावी गेले, तर ओहोटीला होडी तिवरांच्या कडेला चिखलात आडवी पडलेली. बाकी सगळ्या फायबरच्या चकचकीत बोटी, आमचीच एक लाकडाची, बुडाला शेवाळ धरलेलं.  चौघांना बोलावून ती अंगणात ओढून आणली, पत्र्याखाली विटांवर ठेवली. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "बाय, ती पान्यातच बरी." मी फाडकन बोलले, "तुमच्या सडवा. माझ्या बापाची नाय सडू देणार." 

लाकडाची होडी सुकली की फळ्या आकसतात. कोळ्याच्या मुलीला हे माहीत नसावं! बाबांनीच मला होडीजवळ फिरकू दिलं नाही, शिक म्हणाले, नोकरी कर म्हणाले. पण त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, हे कसं नाकारू?

शिमग्यानंतर मी गेले, तर फळ्यांच्या मधून पलीकडचं अंगण दिसत होतं. हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाच्या फटीत भरायची लांबी आणली. दोन रविवार बसून एकेक फट ठासून भरली, वर निळा ऑइलपेंट मारला. काय देखणी दिसत होती! बाबांना काही सांगितलं नाही. म्हटलं, प्रत्यक्षच बघू देत.

मे महिन्यात त्यांना गावी नेलं. निळी होडी बघून बाबा आधी हसले. मग फळीवरून हात फिरवला, नखानं रंग खरवडला आणि आतली लांबी बोटानं दाबून पाहिली.  भरतीला त्याच चौघांनी होडी पाण्यात लोटली. जरा वेळ तरंगली, मग आत पाणी यायला लागलं. मी बादली घेऊन धावले, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बुडू दे तिला. लाकूड पानी पिऊन फुगतं, फटी मिटतात. चार दिस थांबू."

चार दिवस बाबा काठावर खुर्ची टाकून बसले. जेवण मी तिथंच नेऊन देत होते. पाचव्या दिवशी मोठ्या ओहोटीला पाणी पार खाली उतरलं आणि होडी उघडी पडली. फळ्या फुगल्या होत्या, पण त्यांना पसरायला जागाच नव्हती, मध्ये माझी लांबी दगडासारखी बसलेली. दोन फळ्या खिळ्यांसकट उचकटल्या होत्या, बुडाची एक उभी चिरली होती. तो म्हातारा जवळच उभा होता. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू जपलीस गो," बाबा म्हणाले. "तुजा काय दोष नाय." मी तिथंच चिखलात उभी राहून मोठ्यानं रडले.

आता बाबा वरशालाच आहेत. चालतात, जेवतात, गॅलरीत बसतात. परवा मीच म्हटलं, "बाबा, गावाला जाऊन येऊया? जरा खाडी बघाल."

भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "नको गो. मी हितंच सुका बरा हाय."