दुसरा इलाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही एवढं वगळूनच बोलते — जणू त्याला ठाऊकच नाही! तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर बाकीच्यांसारखं तुम्हीही म्हणाला असता, की धाकट्या जावेसाठी एवढं करणारी बाई अख्ख्या दारव्हा तालुक्यात सापडायची नाही.

धाकटी जाऊ म्हणजे मंदा. 'जावा जावा, उभा दावा' म्हणतात, पण आमच्यात दावा कधी नव्हता. ती मला बाई म्हणायची, अजूनही म्हणते. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते. माझी चार वर्षांची प्रणिता दिवसभर तिच्याच कडेवर असायची. पडली-झडली की पोरगी रडत माझ्याकडे यायची नाही, काकूकडे पळायची. त्याचं मला काही वाटायचं का? — सांगते पुढे.

कापसाला भाव नाही म्हणून लोक तो घरातच भरून ठेवायचे, ती वर्षं. आमच्याही पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. त्याच वर्षी मंदाच्या अंगावरून जायला लागलं, महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. आमच्या सासूबाईंचं सोवळं कडक. पाळीतल्या बाईनं चुलीला शिवायचं नाही, पाण्याला नाही, आणि कापसाच्या गंजीला तर नाहीच, ती लक्ष्मी. मग मंदा मागच्या पडवीत पोतं अंथरून बसायची आणि दोघींचं काम मी एकटी ओढायचे. भाकरी, पाणी, गोठा, वेचणीला जाणाऱ्यांच्या शिदोऱ्या. ती पांढरीफटक पडून भिंतीला टेकलेली असायची, आणि मी — कसं सांगू — मी तिला बसलेली बघून जळायचे. पाळीचं बसणं बघून कुणी कुणावर जळतं का? मी जळले.

शेवटी तिला यवतमाळला नेलं. दिराला बायकांच्या दवाखान्यात लाज वाटे, आणि मी बारावी झालेली, म्हणून मी गेले. मंदाला रक्त तपासायला पाठवून डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. गर्भपिशवीत गाठ आहे, म्हणाल्या. पिशवी काढणं हा एक उपाय, पण हिला मूल नाही, वय एकोणतीस — घाई नको. महिन्याला एक अशी काही महिने इंजेक्शनं देता येतात. त्यांनी पाळी तात्पुरती थांबते. पाळी गेलेल्या बाईसारखं अंग भाजतं, घाम फुटतो, हाडांना जपावं लागतं, म्हणून फार दिवस देत नाहीत. पण तेवढ्यात गाठ आकसते, अंगात रक्त भरतं, आणि मग नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते. मूल होईलच असं नाही, पण वाट बंद होत नाही. इंजेक्शनं संपली की पाळी परत येते. हे सगळं तिला नीट समजावून सांगा, म्हणाल्या, घरी बोला, मग या.

मी सगळं ऐकलं. आणि डोक्यात काय राहिलं? पाळी परत येते — एवढंच.

परतीच्या जीपमध्ये मंदानं विचारलं, "बाई, का म्हणे डॉक्टरीण?"

"पिशवी काढा लागते," मी म्हणाले. "दुसरा इलाज नाही."

दारव्हा येईपर्यंत ती बाहेर बघत बसली. घरीही मी तेच सांगितलं. इंजेक्शनाचं कळलं असतं तर दिरानं काहीही करून तीच द्यायला लावली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मंदाला विचारलं, सगळं समजून ठरवलंत ना? मंदा म्हणाली, "हो जी, बाईनं सांगितलं सारं." मी शेजारीच उभी होते. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं.

थकले होते, हे मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! थकले होतेच. पण थकलेली बाई कटकट करते, भांडी आपटते. खोटं कशाला बोलेल? प्रणिता तिच्याकडे पळायची, ते मला डाचायचं. आणि उद्या हिला मूल झालं तर सगळं घर हिच्याच भोवती फिरेल, हेही मनात होतं. होतं म्हणजे होतं.

मंदा बरी झाली, तिच्या अंगावर रंग आला. हळदीकुंकवाला गेली की दहा जणींत सांगायची, बाईनं मले वाचवलं. मग बायका मला विचारायला यायला लागल्या, पिशवी काढू का? आणि मी शहाणी — सल्ले द्यायचे.

यंदा प्रणिताला तशीच गाठ निघाली. मंदा हट्टानं सोबत आली. नव्या डॉक्टरनं तिघींना समोर बसवून इंजेक्शनाचं सांगितलं, अगदी तेच, त्याच क्रमानं. मंदा एकेक शब्द ऐकत होती. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

"बाई, तवा हे इंजेक्शन निघालं नसन, नाही?"

सुटकेचं उत्तर तिनंच माझ्या ताटात वाढलं होतं.

"नव्हतं निघालं," मी म्हणाले.

"तेच म्हणतो मी," ती म्हणाली, आणि प्रणितासाठी चहा आणायला उठली.

सासूबाई केव्हाच गेल्या. पडवीत आता कुणी बसत नाही, चूल माझ्या मुलाची बायको सांभाळते, मला दिवसभर काम नसतं. त्या दिवशी बाकावर मी थकलेली नव्हते.