आत्याची रसाची किटली

बाबांना कावीळ झाली तेव्हा माणिकपूरच्या आमच्या दोन खोल्यांत उसाच्या रसाला तोटा नव्हता. आमच्याकडे कावीळ म्हटली की रस. बघायला येणारं माणूस रिकाम्या हाताने येत नाही. त्यातून बाबांना मधुमेह. साखर आटोक्यात राहिली नाही तर या वेळी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते जणू मला एकटीलाच ऐकू आलं होतं.

मी तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते, तेही नेमकं यकृतावर. यकृतात काही पहारेकरी पेशी असतात. जंतू शिरला की त्या भराभर साखर जाळतात आणि ऑक्सिजनचे जहाल कण सोडून त्याला मारतात. पण साखर अति झाली की ही भट्टी आवरत नाही, शेजारच्या चांगल्या पेशीही होरपळतात. काचेच्या बशीत मी हे रोज बघायचे. बशीतल्या पेशी म्हणजे बाबा नव्हेत, हे कळत होतं. तरी रसाचा पेला दिसला की माझं डोकं फिरायचं.

रजा घेऊन मी घरी बसले आणि पाहुण्यांना दारातच थोपवायला लागले. शेजारच्या काकू फुगल्या. आई म्हणाली, "शिकलीस म्हणून माणसं तोडू नकोस." मी म्हटलं, माणसं मागाहून जोडू, आधी बाबा.

आत्यापुढे मात्र माझं काही चालेना. ती जवळच्या चांदीप गावची, बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेल्यावर बाबांना तिनेच वाढवलं होतं. रोज सकाळी ती किटलीभर रस घेऊन यायची. तिनेच बाबांना गावातल्या एका म्हाताऱ्याकडे नेऊन कावीळ उतरवून आणली होती. त्याने चुन्याच्या पाण्यात बाबांचे हात धुतले आणि पाणी पिवळं झालं. ते पाणी तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"रस थंड असतो, त्याची कसली साखर?" ती म्हणाली. "भावाला मी विख पाजनार का?"

बोलण्यात अर्थ नव्हता. पण रंग दिसला की ती मानते, हे माझ्या ध्यानात आलं. मी लघवी तपासायचं निळं द्रावण विकत आणलं. सकाळी तिचा रस बाबांच्या पोटात गेला, तासाभराने मी तिला ओट्यापाशी उभं केलं. साखर नसली तर निळंच राहील, असं आधी सांगितलं. मग नळीत लघवीचे थेंब टाकून ती गॅसवर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल.

आत्या नळीवर वाकली. "म्हंजे विख मीच पाजत होते?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. तिने उरलेला रस मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडेच राहिली आणि दारात स्टूल टाकून बसू लागली. रस घेऊन आलेल्यांना सांगायची, "पानी प्या नि घरी जा." त्यापेक्षा काकूंना माझं बोलणं परवडलं असतं. रात्री मी बाबांना इन्सुलिन टोचताना ती माझ्या हाताकडे बघत बसायची.

बाबांच्या डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू गेला. मग एका सकाळी नळी तापवली तरी निळीच राहिली. आत्याने ती माझ्या हातातून घेऊन खिडकीशी नेली, फिरवून फिरवून बघितली आणि पदर डोळ्यांना लावला.

"आता त्याला खायला काय देऊ," ती म्हणाली, "ते तू सांग."