चष्मा काढेपर्यंत

सिनेमाचा पहिला शॉट प्रेक्षकाला पुढचे दोन तास कसं बघायचं ते शिकवतो, असं मी माझ्याकडे संकलन शिकायला येणाऱ्यांना सांगतो. सांगताना डोळ्यांपुढे एकच शॉट असतो. तो मीच कापलेला आहे, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

माझा मित्र वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. त्याने एकच सिनेमा केला आणि मी तो अंधेरीतल्या एका खोलीत बसून जोडला. पहिल्या शॉटमध्ये त्याची आई बोंबील वाळत घालते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची. कॅमेरा जागचा हलत नाही. दोऱ्यांमागे खाडी दिसते, पलीकडच्या मढ गावाला जाणारी होडी दिसते. एकेक जोडी पडत जाते आणि खाडी झाकत जाते. शेवटी एका फटीतून तिचा हात तेवढा दिसतो, मग तीही फट बुजते. साडेतीन मिनिटं. मग सिनेमाचं नाव.

मी ते अकरा सेकंदांवर आणलं. जबडे अडकले, जोडी दोरीवर पडली, कट.

मित्राला म्हणालो, "निर्मात्याचा हुकूम आहे. माझा इलाज नाही रे."

निर्मात्याने तो शॉट पाहिलाही नव्हता. कच्ची जोडणी बघायला जे दोघं-तिघं आले होते, ते जाईपर्यंत त्या एकाच शॉटबद्दल बोलत राहिले. पुढच्या पावणेदोन तासांबद्दल, म्हणजे माझ्या कामाबद्दल, कुणी चकार शब्द काढला नाही. त्या शॉटला माझी गरज नव्हती. मला ते सहन झालं नाही. कारण एवढंच.

मित्र निर्मात्याशी भांडला. निर्माता म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. मित्राला वाटलं, खोटं बोलतोय. दोघांनी मिळून करायचा दुसरा सिनेमा तिथेच बारगळला. आज मित्र सीरियलींच्या शूटिंगची वेळापत्रकं सांभाळतो.

बोरिवलीच्या थिएटरात पहिला खेळ होता. त्याची आई वाड्यातल्या सात-आठ बायका घेऊन आली, सगळ्यांच्या केसांत वेण्या. मी तिच्या मागच्याच रांगेत होतो. पडदा उजळला तसा तिने पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. पडद्यावर तोवर बसस्टॉप आला होता.

"मी कुठं गं?"

"येऊन गेलीस पण," शेजारची म्हणाली.

मध्यंतरात ती बायकांना हसत सांगत होती, "मेला चष्मा. आख्खा मासा मांजरीने नेला, मला काटा पण नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझीच चूक. आधीच घालून बसायला हवा होता." मी मान हलवली. तिची चूक मी कबूल करून घेतली.

गेल्या वर्षी ती गेली. वर्षश्राद्धाला वाड्यात सिनेमा दाखवायचं ठरलं, तेव्हा मित्राचा फोन आला. "तो पूर्ण शॉट कुठे असेल का रे? तुझ्याकडे?"

होता. इतकी वर्षं घाटकोपरच्या घरी कपाटात, हार्ड डिस्कवर. दर दोन वर्षांनी मी तो नव्या डिस्कवर उतरवत आलो. टाकवला नाही आणि परत बघवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेलो. लॅपटॉप उघडण्याआधी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, हातात चहाचा कप तसाच.

"म्हणजे तो माणूस खरं बोलत होता."

"हो."

"नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाय, यार."

"माहितेय."

"आणि आई चष्म्याला शिव्या देत गेली."

मी लॅपटॉप उघडला.

"लाव," तो म्हणाला.

आम्ही साडेतीन मिनिटं शेजारी बसून पाहिली. फट बुजली. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "परत लाव. आणि तू बाहेर थांब."

दाराबाहेर चपला काढायच्या पायरीवर बसलो. क्लॅपची पाटी वाजण्याआधीचा भाग आम्ही संकलक नेहमी छाटतो, पण या फाइलमध्ये तो होता; मघाशी मी तो ओलांडून लावला होता, आता फाइल सुरुवातीपासून चालू होती. आतून आधी तिचा आवाज आला, "टांगू काय आता?"

मग त्याचा, तरुण, घाईतला. "टांग गं आये. सावकाश टांग, कोण कापत नाय."