नायट्रिक ऑक्साइडवाले शेजारी

सरोजिनी नगरात आमच्या वरच्या मजल्यावर सांगलीकडचे एक शास्त्रज्ञ राहायचे. सरळ उत्तर त्यांना देताच येत नसे. "भाजी तिखट झालीय का?" विचारलं, की घास तोंडात घोळवत म्हणत, "अच्छा... झालीय, आणि नाहीही."

एका हिवाळ्यात माझ्या बाबांना सेप्सिस झाला. संसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब कोसळला, लघवी जवळजवळ थांबली. हे शेजारी रोज दवाखान्यात येऊन बसत. त्यांचं संशोधन यावरच होतं. शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू स्वतःच तयार करतं. सेप्सिसमध्ये तो फार वाढतो आणि रक्तवाहिन्या सैल पडून दाब उतरतो.

"मग तो बंदच करून टाका ना," मी चिडून म्हटलं.

"उंदरांत करून पाहिलं, वहिनी. दाब छान चढला, पण मूत्रपिंडं आणखी बिघडली. तिथल्या बारीक वाहिन्या हाच वायू उघड्या ठेवतो."

"म्हणजे तो चांगला की वाईट?"

ते बाबांचे गार तळवे चोळत राहिले.

प्रतिजैविकं आणि सलाइनवर बाबा हळूहळू सावरले. घरी आल्यावर शेजारी भेटायला आले. बाबांनी पेढा दिला, तो हातातच धरून त्यांनी विचारलं,

"काका, तुमची मूत्रपिंडं परत सुरू कशी झाली?"

"औषधांनी. आणखी कशानं?"

"तीच औषधं देऊनही काहींची होत नाहीत, काका."

बाबा हसले. शेजारी हसले नाहीत. मी चहा ठेवायला उठले होते, ती परत खाली बसले. बाबांचीच का सुरू झाली, हे मलाही आता जाणून घ्यायचं होतं.