रुखमानं रोवलेली फुलं

साकोलीपलीकडच्या जंगलकाठच्या त्या गावात रुखमाची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे तिच्या हातची रोवणी, धानाची लावणी. धानाच्या चिखलभरल्या बांधीत उतरली, की तिचा उजवा हात असा चालायचा, की मागं पडलेल्या बाया तिला लाडानं शिव्या घालायच्या. तिनं रोवलेलं रोप मेलं, असं कुणी ऐकलं नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

म्हणून रानातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या कामिनी मॅडमनी तिला जंगलातलं एक फूल राखायला नेमलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. फुलात पाहण्यासारखं काही नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाशी बांबूच्या सावलीत वीतभर दांडी यायची, तिला एक फिकट जांभळं फूल. ते गळलं की जमिनीलगत एकच पान. गावानं त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं. पण आसपासच्या सगळ्या जंगलात ते अंगणाएवढ्या त्या एकाच जागी होतं, मोजून त्रेसष्ट झाडं. तिथल्या मातीतली बुरशी त्याच्या मुळांना पोसते, दुसरीकडं ते जगत नाही, असं कामिनीनं तिला सांगितलं होतं.

"हात लावू नका, रुखमाताई. फक्त मोजा."

मोजता मोजता रुखमाचे हात शिवशिवू लागले. एवढीशी जागा आणि झाडाला झाड खेटलेलं! दाटी झाली की उपटून मोकळ्यावर रोवायचं, हे गावातल्या पोरीसोरींनाही कळतं. मॅडम शिकलेल्या खऱ्या, पण चिखलात कधी उतरल्या होत्या? श्रावणातल्या एका सकाळी तिनं चव्वेचाळीस झाडं अलगद काढली आणि नाल्याकाठी ओळीनं रोवली. पुढच्या साली मॅडम तोंडात बोट घालतील, या आनंदात ती घरी आली.

आठ दिवसांत पानं काळी पडली. पुढच्या आषाढात नाल्याकाठी एकही दांडी वर आली नाही.

कामिनी आली तेव्हा जुन्या जागी एकोणीस फुलं होती. तिनं ती पुन्हा पुन्हा मोजली. बाजूला बकऱ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या, आणि त्या अंगाला बकऱ्या नेणारा माणूस एकच, गावाच्या वरच्या टोकाचा हिरालाल. वन समितीची बैठक भरली. हिरालाल हात जोडून रुखमाकडं वळला.

"वयनी, तुमी तं तिथं रोज जाता. सांगा ना यायले, माया बकऱ्या कधी त्या फुलायले लागल्या का?"

बकऱ्या त्या फुलांना हुंगूनही पाहत नाहीत, हे रुखमानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मले नाई माईत," ती म्हणाली.

हिरालालला सगळ्या जंगलात चराईची बंदी झाली. झाडं मेली याची रुखमाला लाज वाटतच होती, पण त्या तीन शब्दांची लाज तिला अन्न गोड लागू देईना. हिरालालचं घर टाळायला ती लांबच्या बांधानं शेतात जाऊ लागली. रोवणीत बाया तिच्या हाताचं कौतुक करू लागल्या, की तिला जमीन दुभंगावी असं वाटे.

महिन्यानं कामिनी पुन्हा आली. रुखमानं तिला नाल्याकाठी नेलं.

"मीच आणून रोवले होते, मॅडम. धानासारखे."

कामिनीनं वाकून तिथली माती पाहिली. मग वही काढून तिनं ते लिहून घेतलं. "समितीला आजच सांगायला हवं," ती म्हणाली.

"पयले हिरालालभाऊले सांगतो," रुखमा म्हणाली.

हिरालालच्या अंगणात खुंटे रिकामे होते. रुखमानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मागच्या बाजारात इकल्या, वयनी. बांधून किती दिवस चारणार?"

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं खाट पुढं सरकवली, आत जाऊन चहा आणला आणि कप तिच्या हातात दिला.

"कोराच हाय," तो ओशाळून म्हणाला. "घरात दूध नाई आता."