गीत पारंपरिक, सासू खरी

केनवडच्या वर्षाराणीला गाणी सुचतात ती नेमकी गॅसवर दूध उतू जायच्या वेळेला. मग दूधही जातं आणि गाणंही. पण एक गाणं राहिलं, आणि त्यानं बाईची झोप उडवली.

गाणं होतं सासूवर. म्हणजे सोजरबाईंवर; दुसरी सासू आणायची कुठून? सोजरबाई गुळाचा डबा कुलपात ठेवतात आणि किल्ली पदराच्या गाठीत. चहाला खडा काढून देतील, तोही औषधासारखा. एका दुपारी डाळ निवडता निवडता वर्षाराणीनं जुळवलं:

सासूबाईच्या पदराले गाठ, गाठीत गुयाची किल्ली,
डब्यापाशी राखण बसली, डोये मिटून बिल्ली.

नवरा हरीओम हौशी. त्यानं मोबाईलवर ठेका जमवला, बायकोला वावरात उभी करून व्हिडिओ काढला. पण यूट्यूबवर चढवायच्या वेळी दोघंही अडले. 'गीत' या शब्दापुढे लिहायचं काय? वर्षाराणी लिहावं, तर घरात महाभारत. हरीओमनं डोकं चालवलं आणि ठोकून दिलं, 'पारंपरिक'. कुण्या जुन्या सुनेनं कुण्या जुन्या सासूवर रचलेलं. आता कोण कोणाला जाब विचारणार!

आणि गाणं पळालं की हो! हळदीत वाजलं, रिसोडच्या वरातीत डीजेवर वाजलं. व्हिडिओखाली लोकांची नातवंडं लिहू लागली, "माही आजी म्हन्ते, हे गानं तिच्या लग्नातबी होतं." वाशिमच्या कुण्या मॅडमनी लोकधन जपल्याबद्दल शाबासकी दिली. लोकधन! रचून चार महिने झाले नव्हते. वर्षाराणीला आधी हसू आलं, मग राग आला, मग रडू. स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन उभं राहावं आणि लोकांनी विचारावं, कोणाचं हो हे? तसं झालं तिचं.

तेवढ्यात इथल्या, वाशिमकडच्या मालेगावच्या फुलचंदचा फोन आला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून त्यानं स्टुडिओ केलाय. नव्या गीतकारांची गाणी त्यांच्या नावानिशी काढायची, असं त्याच्या मनात होतं. अट एकच, गाणं स्वतःचं पाहिजे.

"ते सासूचं गानं माहंच हाय," वर्षाराणी म्हणाली.

"ताई, खाली पारंपरिक तुमीच लिवलं ना? घरातलं जुनं मानूस आना. ते म्हन्लं का असं गानं आदी नव्हतं, तं नाव तुमचं."

घरातलं जुनं माणूस एकच होतं.

तीन दिवस वर्षाराणी सासूला न मागता चहा देत राहिली. चौथ्या दिवशी मान खाली घालून सांगून टाकलं, "आई, ते गानं म्या केलं. तुमच्यावर." आता भांडी उडतात की काय, म्हणून हरीओम दारापर्यंत सरकला. सोजरबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि म्हणाल्या, "चाल."

स्टुडिओत फुलचंदनं विचारलं, "काकू, गानं सुनेचं का जुनं?" वर्षाराणीचा सगळा जीव कानात गोळा झाला.

"जुनं नाही तं काय बाप्पा! माही माय म्हने. हे पोरगी अर्धंच गाते. पुढचं आयक." आणि म्हातारीनं गळा सोडला:

किल्ली माह्या गाठीत बाई, कुलूप माह्या हाती,
सुनेच्या गोड गाण्याले मंग मुंग्या कायले लागती?

वर्षाराणीचं तोंड लाल झालं. सासू आंघोळीला गेली की खुंटीवरच्या लुगड्याची गाठ सोडून आपण गूळ खातो, हे म्हातारीला ठाऊक होतं तर! फुलचंद मात्र खुर्चीतून उठलाच. "वा काकू! आताच्या लोकायले जमन का असं?" त्यानं काकूंना माईकसमोर बसवलं, आणि गाण्याच्या मालकिणीला मागे, कोरसात.

परतीच्या एसटीत वर्षाराणीनं खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "ते कडवं तुमी तिथंच रचलं."

"मंग? घरून बांधून नेलं होतं का?"

"गानं माहं हाय, हे समजलं होतं तुमाले. मंग खोटं काहून बोलल्या? नाव आलं असतं माहं."

"चारचौघांत म्हनू का, ते बिल्ली मीच हाय म्हून? पह्यल्याच दिवशी समजलं मले. माह्या गाठीतली किल्ली बाहेरच्या कोनाले माईत हाय? तू मले बिल्ली केलं, आन् खाली स्वतःचं नाव लिवाले भ्याली. तू भ्याली, तं साक्ष मी कायले देऊ?"

 वर्षाराणीच्या मनात राग होताच, पण मुंग्यांची ओळ कानातून जात नव्हती, आणि ती आपल्या ओळीपेक्षा चांगली होती, हे जास्त झोंबत होतं.

कंडक्टर तिकिटं देऊन गेला तशा सोजरबाई हळूच म्हणाल्या, "दुसरं लिव. माह्यावरच लिव, लय जागा हाय अजून. पन वर्षे, पह्यले नाव टाक, मंग शिव्या दे."